काचेची दोन कवेलं

आधीच सांगते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही.

आमचं घर बौद्धांचं. छप्पन्न साली माझ्या आईवडिलांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि त्याच दिवशी अंगारे-धुपारे, भगत, उतारे सगळं सोडलं. मी त्या घरात वाढले. पुढे तीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलांना सांगत आले की भूत नसतं.

तरी हे घडलं. माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

आणि रात्री नाही. भर उन्हात, सकाळी साडेअकराच्या सुमारास.

१९७३ साल. आम्ही नागपूरच्या इंदोऱ्यात राहायचो. दोन खोल्यांचं घर, वर इंग्रजी कवेलू. तुमच्याकडे कौल म्हणतात, आमच्याकडे कवेलू. पुढची खोली बसायची. तिथेच पाहुणे, तिथेच माझा अभ्यास, आणि तिथेच मायचं बिड्यांचं काम. माय म्हणजे माझी आई, पंचफुला. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. दिवसभर ती बिड्या वळायची.

आधी त्या खोलीत भरपूर उजेड होता. पूर्वेला खिडकी होती. मग बाजूच्याने घर वाढवलं आणि आमच्या खिडकीपासून हातभर अंतरावर विटांची भिंत आली. खिडकी राहिली, उजेड गेला. दिवसाही दिवा लावावा लागे, आणि वीज तर अर्धा वेळ नसायचीच.

मायचे डोळे दुखायला लागले. पान कापताना कातर बोटाला लागायची.

माझा मोठा भाऊ वसंत तेव्हा तेवीस वर्षांचा होता. सायकलच्या दुकानात कामाला होता. फार बोलायचा नाही. एक दिवस संध्याकाळी सायकलच्या कॅरियरला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी बांधून आला. सोडून पाहिलं तर काचेची दोन कवेलं. मातीच्या कवेलूसारखाच आकार, पण आरपार दिसणारी.

माय म्हणाली, "हे कायले गा?"

"छपरात बसवतो. मंग पाह्यजो, बसल्या जागी सुईत दोरा ओवशील."

बाबा म्हणजे रुपराव, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांनी कवेलू उलटंपालटं करून पाहिलं. "माणूस लावू का एखादा?" असं आधी म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "दोनच तं हायेत. चढ तूच."

हे त्यांचं वाक्य लक्षात ठेवा. ते स्वतः मरेपर्यंत विसरले नाहीत.

२० मे, रविवार. सकाळचे साडेअकरा वाजत आले होते, ऊन भाजत होतं. वसंतदादा शिडी लावून चढला. मी अंगणात होते, माय खोलीत. मातीचं एक कवेलू काढून त्याने काचेचं बसवलं आणि खोलीत उन्हाचा एक चौकोन पडला. मी आत धावले. इतक्या वर्षांत प्रथमच मला त्या खोलीतली जमीन नीट दिसली.

वरून त्याने काचेवर नख वाजवलं. टक... टक.

मायने वर पाहिलं. काचेतून त्याचा चेहरा दिसत होता. खाली जमिनीवर, उन्हाच्या चौकोनात, त्याच्या डोक्याची सावली.

"पुरते का वं, माय?"

माय हसून म्हणाली, "नाही पुरत. दुसरंही बसव."

त्याने दुसरं बसवलं. बसवून तो उठला आणि सरकला... त्याच्या पायाखालची लाकडी रीप मोडली आणि तो उतारावरून घसरला.

आम्ही आवाज ऐकला. तो पुढच्या अंगणात पडला होता. तिथे कपडे धुवायचा दगड होता.

दवाखान्यात संध्याकाळी सहाच्या आत तो गेला.

त्या दिवसापासून माय ते एकच बोलायची. "मी म्हटलं दुसरं बसव. एक पुरत होतं. एक पुरत होतं."



मोडलेली रीप कोणीतरी बदलून दिली. काचा तशाच राहिल्या. खोलीत उजेड होता आणि त्या उजेडात बसायला कोणी तयार नव्हतं. माय आतल्या खोलीत चुलीपाशी बसून बिड्या वळू लागली. मग पाऊस आला, आभाळ भरलं आणि ते चौकोनही दिसेनासे झाले.

ऑक्टोबरात ऊन पुन्हा कडक झालं.

माय हळूहळू पुढच्या खोलीत येऊन बसू लागली. का, ते तिने सांगितलं नाही. त्याने केलेलं शेवटचं काम ते, म्हणून असेल.

एक दिवस मी शाळेतून आले तर ती सूप मांडीवर घेऊन तशीच बसलेली. एकही बिडी वळलेली नाही.

"काय झालं वं माय?"

ती म्हणाली, "वसंता आला होता."

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बोलू दे. मन मोकळं होऊ दे तिचं."

पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

मग आली दिवाळीची सुट्टी. मी घरी होते. माय बिड्या वळत होती. मी भिंतीला टेकून पुस्तक वाचत होते. जमिनीवर उन्हाचे दोन चौकोन.

वर कवेलू वाजलं.

कट्...

मला वाटलं मांजर असेल.

कट्... कट्...

मांजराचं वजन इतकं नसतं. एक पाय, मग थांबणं, मग दुसरा पाय. जपून चालल्यासारखं.

मायचे हात थांबले. तिने वर पाहिलं नाही. ती जमिनीकडे पाहत होती.

मग काचेवर... टक... टक.

आणि एका चौकोनातला उजेड गेला.

अख्खा चौकोन नाही. मधला भाग. गोल, आणि खाली रुंद होत गेलेला. कोणी वाकून पाहतं तेव्हा पडते तशी सावली.

मी वर पाहिलं. काचेतून निळं आभाळ दिसत होतं. स्वच्छ. काचेवर काहीच नव्हतं.

मी उठून अंगणात पळाले. छपरावर कोणी नव्हतं. कावळा नाही, वानर नाही. कवेलू उन्हात तापलेलं, आभाळात ढग नाही.

आणि आतून मायचा आवाज आला. अगदी शांत, रोजच्यासारखा.

"पुरते गा बाबा. पुरते. लय उजेड झाला. उतर आता."

मी दारात येऊन उभी राहिले. सावली अजून तिथेच होती. एक बिडी वळून दोरा बांधून व्हावा, इतका वेळ राहिली. मग सरकली. दोन्ही चौकोन पुन्हा लख्ख झाले.

माय रडत नव्हती. मीच रडत होते.

बाजूच्या इंदूबाईंनीही ते एकदा पाहिलं. त्या उसनं नेलेलं धान्याचं माप परत करायला आल्या होत्या, माप दारातच टाकून गेल्या. संध्याकाळी बाबांना म्हणाल्या, "रुपराव भाऊ, खापा गावाकडे एक भगत हाय. पोराचा जीव अडकला हाय तुमच्या."

बाबा म्हणाले, "ताई, आमी ते सोडलं. आता मुलाच्या नावानं पुन्हा नाही धरत."

पण त्यांनी एक दिवस छापखान्यात रजा टाकली. सकाळी दहापासून मायशेजारी बसले. मीही होते. साडेअकरा वाजले. बारा वाजले. उन्हाचे चौकोन जमिनीवरून सरकत भिंतीशी गेले.

कवेलू वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले आणि साडेअकराला पुन्हा...

त्यांनी तीनदा रजा घेतली. तिन्ही वेळा काही नाही. तिसऱ्या दिवशी ते दुपारी न जेवता उठले. अंगणात मला हळूच म्हणाले, "मी चढवलं ना त्याले. मले काहून दिसन तो?"

मी पंधरा वर्षांची होते. आत जाऊन त्यांचं ताट झाकून ठेवलं.

हिवाळ्यात माय खंगत गेली. सकाळी उठून तोंड धुवायची आणि येऊन बसायची. साडेअकरापर्यंत खायची नाही. नंतरही खायची इच्छा नसायची. बिड्या कमी होत गेल्या, मग बंदच झाल्या. हातांची हाडं दिसू लागली. दिवसभरात तिचं बोलणं एवढंच. "पुरते गा बाबा. उतर."

जानेवारीत बाबांनी ठरवलं. येत्या रविवारी काचा काढायच्या, मातीची कवेलं बसवायची.

माय त्यांच्या पाया पडली. "नका काढू जी. त्याले वाटन मायले आवडलं नाही."

"पंचफुले, तू मरून राहिली," बाबा म्हणाले. "एक गेला. आता तुले नाही जाऊ देत."

रविवारच्या आधीच्या शुक्रवारी मी शाळेला दांडी मारली. मला स्वतः पाहायचं होतं. घरामागे शिडी होती. सव्वाअकराला मी चढले आणि हातापायांवर सरकत काचांपर्यंत गेले. 

छपरावर मी एकटी होते. हे मी शपथेवर सांगते. मागे नाही, पुढे नाही, बाजूच्या भिंतीवर नाही. कोणी नव्हतं.

मी डावीकडच्या काचेवर वाकले. उजवीकडची माझ्यापासून दीड हातावर. तिच्यावर ऊन चमकत होतं. मी स्वतः पाहिलं, तिच्यावर काही नव्हतं.

खाली माय दिसली. वरून फार लहान दिसत होती. ती जमिनीकडे पाहत होती.

मला वाटलं, ती माझी सावली पाहून फसेल. वसंता म्हणेल. मग मी सांगेन, माय, मी आहे, लतिका, दुसरं कोणी नाही. मग तिला पटेल.

ती बराच वेळ पाहत राहिली.

मग म्हणाली, "आज दोघं काहून?"



तिने मान वर केली. आधी माझ्या काचेकडे पाहिलं. मग दुसऱ्या काचेकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. दोन लेकरं एका वेळी घरी आल्यावर आईचा होतो तसा चेहरा.

"लते, तू उतर. तुले सवय नाही."

आणि मग दुसऱ्या काचेकडे पाहून म्हणाली...

"वसंता, तिले धरजो. पडन ते."

माझ्या उजव्या बाजूला, दीड हातावर, एक कवेलू दबलं.

कट्...

मी पाहिलं. कवेलू दबलेलं होतं. वर काही नव्हतं. मी मागे सरकत निघाले आणि ते माझ्या बरोबरीने येत राहिलं. माझा एक हात, तिकडे एक कवेलू. माझा एक पाय, तिकडे एक कवेलू. शिडीपर्यंत.

शिडीवर पाय ठेवला तसं ते थांबलं.

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी विचारलं, "तुले त्रास नाही देला ना त्यानं?"

"नाही बाबा. सोबत आला."

रविवारी त्यांनी काचा काढल्या नाहीत. मायजवळ जाऊन एवढंच म्हणाले, "येऊ दे त्याले. पण तू जेवशील. तू जेवली नाही तं त्याले बरं वाटन का?"

माय जेवू लागली. हळूहळू बिड्याही वळू लागली. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर बाबा चप्पल काढता काढता विचारायचे, "आला होता?"

माय म्हणायची, "आला होता."

मग ते हातपाय धुवायला जायचे. त्यांना तो एकदाही दिसला नाही. दहा वर्षं ते विचारत राहिले.

८४ साली छप्पर फारच खराब झालं. वासे वाळवीने खाल्लेले. मी तोवर नोकरीला लागले होते. मीच म्हटलं, आता स्लॅब टाकू. बाबा हो म्हणाले. मायने नाही म्हटलं नाही. फक्त कवेलू उतरवायच्या आदल्या दिवशी तिने मला विचारलं,

"मंग तो कुठून पाहीन वं?"

खरं सांगते, मी ऐकू न आल्यासारखं केलं.

स्लॅब टाकून झाला. खोलीत ट्यूबलाइट लागली. भिंतींना पिवळा रंग दिला. आलेला प्रत्येक जण म्हणायचा, किती छान उजेड झाला.

माय रोज साडेअकराला त्याच जागी बसायची. मान वर करून प्लास्टरकडे पाहायची. कान देऊन ऐकायची. मग मान खाली घालायची.

बाबांनी संध्याकाळी विचारणं सोडून दिलं. पुढल्या वर्षी ते गेले. ८७च्या थंडीत माय गेली. शेवटच्या दिवशी तिला बोलता येत नव्हतं. डोळे मात्र वरच होते.

ते घर आजही माझ्याकडे आहे. मी एकटीच राहते. लोक विचारतात, भीती नाही वाटत? मी म्हणते, कशाची? तो माझा भाऊ होता. त्याने मला छपरावरून सांभाळून उतरवलं.

मला भीती त्याची वाटत नाही. मला दुसरंच काहीतरी वाटतं. दुपारी त्या खोलीत बसवत नाही. साडेअकरा झाले की मी काहीतरी काम काढून बाहेर जाते.

कवेलूवर माणूस चालला की खाली कळतं.

स्लॅबवर कोणी किती वर्षं फिरत राहिलं... तरी खाली काही ऐकू येत नाही.