गिरीश ‘येतो’ म्हणाला

हसायचं असेल तर खुशाल हसा. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मीही नाक मुरडायचे. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, माझ्या नवऱ्याच्या बाबतीत घडलंय. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

नोव्हेंबर १९९२. शनिवार, भर दुपार.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक छोटं गाव. नाव सांगणार नाही. उगीच कुणीतरी बघायला जाईल.

आम्ही लंडनजवळ स्लाऊला राहतो. माझ्या नवऱ्याला, गिरीशला, एक खूळ होतं. लोक देवळं बघत फिरतात, हा फुटबॉलची मैदानं बघत फिरायचा. मोठी नाहीत हं! जिथं मॅचला पन्नास टाळकी जमतात, तसली.

त्या दिवशी पोचलो तर समुद्रावरून दाट धुकं आलेलं. मॅच रद्द.

"झालं समाधान? चल आता, फिश अँड चिप्स खाऊ आणि घर गाठू," मी म्हटलं.

"उल्का, पाच मिनिटं गं. नुसता डोकावतो."

गेट उघडंच होतं.

आत प्रेक्षकांना बसायला एक लाकडी स्टँड, चहाची बंद खिडकी, पलीकडे भिंत आणि भिंतीमागे समुद्र. लाटा ऐकू येत होत्या. सीगल कलकलत होते.

आणि मग...

सगळं थांबलं. सीगल गप्प. लाटाही गप्प. समुद्र कधी गप्प बसतो का हो?

धुक्यातून आवाज आला... धप्प.

बॉलला लाथ बसल्याचा.

पुन्हा... धप्प.

कुणाचं ओरडणं नाही. पळणारे पाय नाहीत.

"प्रॅक्टिस करत असतील," गिरीश म्हणाला.

"दोन हातांवरचं दिसत नाहीये आणि कसली डोंबलाची प्रॅक्टिस?"

"आज आमचा एक गडी कमी आहे..."

मी केवढी दचकले! इंग्रजीत बोलत होतं कुणीतरी. चहाच्या खिडकीत एक म्हातारा उभा होता. चपटी टोपी, गळ्यात मफलर. खिडकी मघाशी बंद होती, शपथेवर सांगते. आणि आता उघडी होती, पण आत ना किटली, ना कप, ना दिवा.

त्याची नजर गिरीशवर होती. "खेळतोस का?"

गिरीश मुळात बोलघेवडा. "पूर्वी खेळायचो. आता पोट सुटलंय," असं म्हणून हसला. निघताना हात हलवला आणि म्हणाला, "ओके, आय अ‍ॅम कमिंग!"

आता काय बोलायचं या माणसाला! आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. याचं तेच इंग्रजीत चालतं. ऑफिसातही असंच म्हणून निघतो, लोक बिचारे वाट बघत बसतात.

म्हातारा हसला. धुक्याकडे वळून म्हणाला, "येतो म्हणतोय."

आणि धुक्यात...

पुष्कळ माणसांनी एकदम सुस्कारा सोडला.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. "गिरीश, चल!"

तो चालायला लागला होता. पण गेटकडे नाही...

मैदानाकडे.

मी हाका मारल्या. वळला नाही. धावत जाऊन मागून त्याचा कोट धरला तर तो मलाच ओढत निघाला. एवढी ताकद त्याच्यात कधीच नव्हती. धुक्यात त्याचं डोकं दिसेनासं झालं. माझ्या मुठीत फक्त कोट दिसत होता.

आमच्या सासूबाईंनी जो शब्द घरात कधी उच्चारू दिला नाही, तो मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

"तो येत नाहीये! आम्ही जातो! जातो आम्ही!" आधी मराठीत, मग इंग्रजीत.

बॉलचा आवाज थांबला.

"त्याला सांगू दे," माझ्या अगदी कानाशी म्हातारा बोलला.

गिरीश गप्प.

कसं ओढत आणलं त्याला, माझं मला माहीत. गेटबाहेर पाय पडला आणि लाटांचा आवाज एकदम कानात शिरला. मी मागे वळून पाहिलं नाही.

गाडी मीच चालवली. मोटरवेवर आल्यावर त्यानं विचारलं, "मॅच कधी सुरू होणारे?"

त्यानंतर किती विनवण्या केल्या मी! एकदा तरी तोंडानं म्हण, ‘मी येणार नाही.’ तो नुसता हसायचा. "काहीतरीच तुझं!" म्हणायचा. मैदानांचं खूळ मात्र आपोआप सुटलं. वर्ष गेलं. मलाही वाटायला लागलं, भास झाला असेल.

आज पुन्हा शनिवार आहे. सकाळपासून स्लाऊत धुकं आहे.

मघाशी मी स्वयंपाकघरात होते. बाहेरच्या गाड्यांचा आवाज एकदम थांबला...

गिरीश कोट घालून पॅसेजमध्ये आला. कोपऱ्यावर दूध आणायला निघाला तरी ‘येतो गं’ म्हणणारा माझा नवरा. त्यानं दाराच्या कडीवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाला,

"जातो गं, उल्का."

मी त्याच्या हातातून किल्ली हिसकावून घेतलीय. दाराला पाठ लावून जमिनीवर बसलेय आणि हे लिहितेय. तो समोर जिन्याच्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या पुन्हा पुन्हा घट्ट करतोय.

मला फार भीती वाटतेय.