हद्दीपलीकडचं पेट्रोल

बाबा दर रविवारी पेट्रोल भरायला गुजरातेत जायचे. मसोलीतल्या आमच्या घरून तलासरी, तिथून हायवेने हद्द ओलांडली की लगेच तो पंप. तिकडे लिटरमागे काही रुपये स्वस्त पडायचं. जाण्यायेण्यात जळणारं पेट्रोल धरलं तर बचत जवळजवळ शून्य होते, हे मी बी.एस्सी.ला असताना त्यांना कागदावर दाखवलं होतं.

"फिजिक्स शिकतोस की माझी चौकशी करतोस?" म्हणाले आणि स्कूटर काढली.

पैसे क्रेडिट कार्डाने द्यायचे. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी घेतलेली ती एकच गोष्ट.

२०१८च्या फेब्रुवारीत ते झोपेतच गेले. त्याच आठवड्यात मी बँकेला कळवून खातं बंद केलं आणि कार्ड कात्रीने कापलं.

दहाव्याला खाडीवर कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं. मामांनी हात जोडून शब्द दिले: पोराला नोकरी लागेल, प्रभाला आम्ही सांभाळू. कावळे सुरूच्या झाडावरून हलले नाहीत.

"भावोजींचा जीव पेट्रोलपंपावर अडकला असेल," शेजारच्या सुषमाकाकू पुटपुटल्या. मागे कोणीतरी हसलं.

आई हसली नाही. ती पुढे झाली. "समर्थने कार्ड बंद केलंय, ते परत उघडून देते. जा तुम्ही, भरा."

कावळा लगेच उतरला. उपाशी पक्षी कधीतरी उतरणारच, असं मी मनाशी म्हटलं.

घरी आल्यावर आईने मला फोन लावायला बसवलं. कस्टमर केअरचं तेच ते संगीत ऐकण्यात दुपार गेली. शेवटी एक मुलगी म्हणाली, "कार्डधारक हयात नसतील तर खातं पुन्हा सुरू होत नाही, सर." आईला सांगितलं. ती "बरं" म्हणाली, बस.

बाबांचा मोबाइल ती रोज चार्ज करून ठेवायची. मे महिन्यात एका रविवारी त्यावर संदेश आला: आपल्या विनंतीनुसार खाते पुन्हा सुरू करण्यात आले आहे. दुपारी दुसरा आला. त्यात त्या पंपाचं नाव होतं.

मी अंगणात गेलो. स्कूटर ताडपत्रीखाली तशीच होती, मागचं चाक बसलेलं. टाकीचं झाकण उघडून आत बॅटरी मारली. टाकी कोरडी होती.

बँकेला फोन लावला, पुन्हा तेच संगीत. "विनंती कार्डधारकांनीच केली आहे, सर. सुरक्षेच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर दिलीत."

"ते वारलेत."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज. "तशी नोंद दिसत नाही."

मृत्यूचा दाखला पुन्हा पाठवला. खातं बंद झालं. पुढच्या रविवारी उघडलं. मी बंद करायचो, ते उघडायचं. कोणीतरी कार्डाची नक्कल केली असणार, हे उघड होतं. पण नक्कल करणारा चोर दर आठवड्याला एका स्कूटरपुरतंच पेट्रोल का भरेल? विचार करायची ताकदही सरत चालली होती.

कारण जूनपासून आईला ताप होता. रक्ताचे रिपोर्ट चांगले, औषधं चालू, तरी ताप उतरत नव्हता. फक्त रविवारी, पंपाचा संदेश आला की ती शांत झोपायची.

"बंद नको करूस रे सारखं," एकदा म्हणाली. "त्यांना दरवेळी फोनवर ताटकळावं लागतं."

"आई, प्लीज."

मला तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

जुलैतल्या एका शनिवारी आलेला संदेश वेगळा होता. त्याच खात्यावर पुरवणी कार्ड मंजूर झालं होतं. नाव आईचं, प्रभा वासुदेव.

आईने तो चष्म्याशिवाय वाचला. "एकट्याने जायचा कंटाळा आला असेल त्यांना."

त्या चोराला पकडायचंच, असं मी ठरवलं. रविवारी सुषमाकाकूंना आईजवळ बसवलं आणि तलासरीची एसटी धरली. तिथून पुढे शेअर रिक्षा. पंपावर ट्रकांची रांग, टायरचा जळका वास, ओल्या चिखलावर तेलाचे रंग. पेट्रोल भरणारा लाहू मला ओळखत होता. लहानपणी मी बाबांच्या मागे बसून यायचो.

"काय रे समर्थ, एकटाच? पप्पा तर आताच गेले ने."

"कोण?"

"तुझे पप्पा. दुसरं कोण?"

"लाहू, नीट बघितलंस?"

"हातात पावती दिली. न बघता देऊ काय?" तो हसला. "आज काकी पण होत्या मागे. पहिल्यांदाच आल्या. कार्ड त्यांनीच दिलं."

"कुठे गेले?"

त्याने पाइप जागेवर अडकवला. "दरवेळी तलासरीकडे वळतात. आज सरळ पुढे गेले, वापीच्या बाजूला."

मी घरी फोन लावला.

सुषमाकाकूंनी उचलला. मागे पंख्याचा आवाज येत होता.

"काकू, आई कुठे आहे?"

"कुठे असणार? इथेच, माझ्यासमोर झोपलीय. हळू बोल."

"बरी आहे ना?"

"ताप उतरला बघ, अंग अगदी गार लागतंय. सकाळपासून झोपेतच पदर मुठीत घट्ट धरून होती, गाडीवर मागे बसल्यावर आपण धरतो ना, तसा. मी किती सोडवायला बघितला."

"मग?"

"आत्ता आपणहून सोडला."