पान एकशे बारा

कार्यालयातले लोक तिला पाठीमागे मोजपट्टी म्हणायचे, आणि तिला ते ठाऊक होतं. तिला त्यात काही वावगंही वाटत नसे. विवाहनोंदणीच्या खिडकीवर बसायचं तर माणसानं सरळ रेषेत असलेलं बरं, नाहीतर उद्या कोणीही उठेल आणि कोणाचाही नवरा होईल, असं ती म्हणायची. डोंगरात विखुरलेल्या पन्नासेक वस्त्यांना हे एकच कार्यालय. पुढच्या खोलीत खिडकी, मागच्या खोलीत दप्तर, आणि दोन्हींच्या मध्ये स्टुलावर शिपाईमामा.

मंगळवारी खिडकी उघडायच्या आधीच एक म्हातारी पायरीवर येऊन बसली होती. अंगानं काटकुळी, पण आवाज खणखणीत. तिनं चार घड्यांचा पिवळा कागद खिडकीतून आत सरकवला.

"बाई, मला माझ्या लग्नाचा दाखला हवाय. शुक्रवारच्या आत."

"शुक्रवारी काय आहे?"

"आमचे हे इस्पितळात आहेत. उजवं अंग गेलंय, वाचा गेलीय. आणि ह्यांचा पुतण्या सांगतोय की ही बाई घरात राहायची, एवढंच. शुक्रवारी दुपारी तो सही करणार आणि ह्यांना लांब कुठल्याशा संस्थेत नेऊन टाकणार. दोन दिवसांची वाट आहे तिकडची. बायको असल्याचा कागद दाखवला तर मी ह्यांना घरी नेऊ शकते. नाहीतर वॉर्डाच्या दारातनंसुद्धा आत सोडत नाहीत हो. एकोणीस दिवस बाहेर बाकावर बसलेय. एक्केचाळीस वर्षं त्या माणसाच्या घोरण्यात झोप काढली, आणि आता म्हणे मी कोण!"

पिवळा कागद म्हणजे विवाह परवान्याचा वरचा अर्धा भाग होता. त्या काळी परवाना दोन तुकड्यांचा असे. वरचा जोडप्याकडे राहायचा. खालच्या अर्ध्यावर लग्नाच्या दिवशी वधू-वर, दोन साक्षीदार आणि निबंधक यांनी सह्या करायच्या, तो कार्यालयात परत यायचा, आणि मग निबंधक तो पुस्तकात उतरवून घ्यायचे. पुन्हा तिथे सगळ्यांच्या सह्या घेतल्या जात. पुस्तकातलं पान परवाना देतानाच राखून ठेवलेलं असे. म्हातारीच्या कागदावर पानाचा आकडा स्वच्छ होता, एकशे बारा.

मोजपट्टीनं दप्तरातून त्या सालचं पुस्तक काढलं. एकशे अकरा भरलेलं होतं. एकशे बारावर वर आकडा, आणि खाली कोरा कागद.

"तो घाटापलीकडचा दौरा," शिपाईमामा मागून म्हणाले. "जुने निबंधकसाहेब स्वतः जायचे लग्नं लावायला. खालचे अर्धे कागद पिशवीत घालून आणायचे. त्या वर्षी परतताना नदी उतरत होते. साहेब गेले आणि पिशवीही गेली. दोन्ही सापडली नाहीत."

"आणि मग या लग्नाचं काय?"

"कागद आला नाही म्हणजे लग्न झालं नाही. असाच नियम होता ना बाई? तुम्हीच तर सांगता."

मोजपट्टीनं खिडकीपाशी येऊन म्हातारीला हे सांगितलं. म्हातारी मात्र रडली नाही.

"नीट शोधा," ती म्हणाली. "साहेब आले होते. मला तीन वेळा विचारलं त्यांनी. कबूल आहे ना, कोणाची जबरदस्ती नाही ना? एवढा मोठा माणूस, पण मी हो म्हटल्याशिवाय पेनाचं टोपण काढलं नाही. असा माणूस काम अर्धं ठेवेल होय?"

ती गेल्यावर मामा दबक्या आवाजात म्हणाले, "टाका ना लिहून चार ओळी. कोण बघतंय?"

"मी बघतेय," मोजपट्टी म्हणाली, आणि पुस्तक मिटलं.

रात्रभर तिला चैन पडलं नाही. नियम बरोबर होता आणि तरी अन्याय होत होता, आणि तिला याचा मनापासून राग आला होता. बुधवारी सकाळी वरिष्ठांना विनंतीचं पत्र लिहावं म्हणून तिनं पुन्हा पुस्तक उघडलं.

एकशे बारावर तीन ओळी लिहिलेल्या होत्या. वराचं नाव, वधूचं नाव, वयं, वस्ती. गोल, उजवीकडे कललेलं अक्षर.

"मामा!" ती अशी ओरडली की मामा स्टुलावरून उठून धावत आले. "लाज नाही वाटत? या वयात?"

मामांनी पान बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाई, माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं. मला असं लिहिता आलं असतं तर जन्मभर स्टुलावर बसलो असतो का?"

हे खरं होतं. तिनं शंभरावं पान उघडून शेजारी धरलं. तिथे जुन्या निबंधकांचं अक्षर होतं. तोच गोलपणा, तोच कल. एकशे बाराची खालची कड बोटांना दमट लागली. आठ महिने त्या भागात पाऊस नव्हता.

मोजपट्टीनं पुस्तक कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, कुलपावरून दोरा गुंडाळून लाख ओतली आणि त्यावर स्वतःचा शिक्का उमटवला. किल्ली घरी नेली, उशीखाली ठेवली. आता बघूच कोण शहाणा येतो ते, असं तिनं स्वतःला बजावलं.

गुरुवारी लाख जशीच्या तशी होती. तिनं भिंगातून बघितली. मग फोडली.

पानावर आता चार सह्या होत्या.

तिला भीती वाटली. उगाच नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण म्हातारी पायरीवर येऊन बसलेलीच होती, आणि एकच दिवस उरला होता. तिनं म्हातारीला आत बोलावून पान दाखवलं.

म्हातारीनं सह्यांवरून बोट फिरवलं. "ही माझी, लग्नाच्या दिवशी त्या खालच्या कागदावर केली होती तश्शीच. हात किती थरथरत होता बघा. ही ह्यांची. हा माझा थोरला भाऊ, जाऊन सोळा वर्षं झाली. आणि हे शेजारचे काका, तेही गेले." तिला जराही नवल वाटलं नव्हतं. ती नुसती खूश झाली होती. "मी म्हटलं नव्हतं? सापडलं की नाही!"

"आजी, निबंधकांची सही नाही अजून. ती नसेल तर पान पूर्ण होत नाही. आणि अपूर्ण पानाची नक्कल मला देता येत नाही."

"मग मिळेल ती सही," म्हातारी म्हणाली. "एवढं केलंय तर तेवढंही करतील."

शुक्रवारी सव्वाअकराची बस होती. इस्पितळ दोन तासांवर. आदल्या संध्याकाळी पुन्हा लावलेली लाख मोजपट्टीनं दहाला फोडली. सहीची जागा कोरी होती. तिनं पुस्तक दप्तराच्या खोलीतल्या टेबलावर उघडं ठेवलं, शेजारी दौत आणि टाक ठेवला, आणि समोर खुर्ची घेऊन बसली. बाहेर मामांना सांगितलं, कोणाला आत सोडू नका.

साडेदहा वाजले. काही झालं नाही.

पावणेअकरा झाले. खोलीत भिजलेल्या पोत्यासारखा वास येऊ लागला. खिडक्या बंद होत्या.

तिच्या नजरेसमोर पान तसंच राहिलं. मग तिच्या ध्यानात आलं. सही करणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बसायचं नसतं. अधिकाऱ्याला ते आवडत नाही.

ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "एक सही राहिलीय. बाई बाहेर बसल्यात. त्यांना घाई आहे."

मागे खुर्ची करकरली.

फरशीवर पाण्याचा थेंब पडला. मग आणखी एक.

टाकाचं टोक कागदावरून घासत गेलं. सावकाश. शेवटी एक लांब फरकाटा.

ती वळली नाही. तिनं मनात वीस आकडे मोजले, आणि मग आणखी वीस.

खुर्ची रिकामी होती. पानावर सही होती, गोल, लांब शेपटाची, अजून चकाकणारी.

त्यानंतर मोजपट्टीनं जे केलं ते तिनं हजारदा केलेलं काम होतं. टिपकागद दाबला, नक्कल उतरवली, अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं, आणि शिक्का असा हाणला की मामा बाहेरून "शाब्बास!" म्हणाले. पानावर जे आहे त्याची नक्कल देणं हे तिचं काम. पानावर ते कसं आलं हे लिहायला नमुन्यात जागा नव्हती, आणि त्याबद्दल तिनं पहिल्यांदाच नमुना तयार करणाऱ्याचे आभार मानले. मग तिनं खिडकी बंद केली, जी तिनं नोकरीत कधी वेळेआधी बंद केली नव्हती, आणि म्हातारीच्या दंडाला धरून धावत बस गाठली.

वॉर्डाच्या दाराशी पुतण्या मेजावर वाकून सही करायच्या बेतातच होता. म्हातारीनं दाखला त्याच्या नाकासमोर धरला.

"हे कुठून पैदा केलंत?"

"एकशे बारा पानावरून," मोजपट्टी म्हणाली. "मूळ पुस्तक बघायचं असेल तर या की. कार्यालय दहा ते पाच उघडं असतं. येताना ओळखपत्र आणा."

मेजामागच्या परिचारिकेनं दाखला दोनदा वाचला, शिक्का उजेडात धरला, आणि पुतण्याच्या समोरचा कागद काढून घेतला. "पत्नी आहेत म्हटल्यावर तुमची सही चालायची नाही." पुतण्याचं तोंड पडलं. काहीतरी वकिलाचं पुटपुटत तो जिन्याकडे निघाला, आणि बाकांवर बसलेले नातेवाईक खुशाल हसले.

"घरी न्यायचं ना आजी?" परिचारिकेनं विचारलं. "तासाभरात गाडीची सोय करते. आधी भेटून या. इथे नाव, नातं, येण्याची वेळ लिहा."

म्हातारीनं भेटीची वही पुढ्यात ओढली. नात्याच्या रकान्यात तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं, पत्नी. लिहून झाल्यावर मान तिरकी करून एकदा बघितलं, आणि ताठ मानेनं आत गेली. क्षणभरानं आतून एक घोगरा आवाज आला, शब्द नसलेला, पण आनंदाचा. पाठोपाठ म्हातारीचा. "आले ना आता! ओरडता कशाला? सगळा वॉर्ड जागा कराल."

परिचारिका पेन हातात धरून थबकली. "बावीस दिवसांत पहिल्यांदा आवाज काढलाय त्यांनी." मोजपट्टीचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत.

"तुम्हीही जा आत, दोघांना चालतं," परिचारिका म्हणाली, आणि औषधांची गाडी ढकलत निघून गेली.

मोजपट्टीनं पेन उचललं. म्हातारीच्या ओळीच्या लगेच वर त्याच रुग्णाकडे आलेल्या आणखी एका माणसाची नोंद होती. तारीख आजची. येण्याची वेळ, अकरा वाजून पाच मिनिटं. नातं, कामानिमित्त. नावाच्या जागी गोल अक्षरातली, लांब शेपटाची सही.

जाण्याच्या वेळेचा रकाना कोरा होता.