मोटार हातावर

दिवा जरा कडब्याच्या कोपीत सरकवा, वारं सुटलंय. आंबील पिऊन झाली आसंल तर बसा नीट. ही गोष्ट मी गावभर फिरून आलेली ऐकलेली न्हाई. घाटनांदूरला माझ्या कापडाच्या दुकानाला लागून बसवेशचं मोटारी भरायचं, मंजी जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं, दुकान व्हतं. त्यानं माझ्या गादीवर बसून, खाली मान घालून सांगितली.

मागल्या सालची येळवस. आजच्यासारखीच आवसेची रात. दिवसभर रानात जेवणं झाली आन् दिवस मावळल्यावर बसवेश बहिणीला, रोहिणीला, टेसनावर सोडायला गेलता. गाडी गेली. च्या घ्यावा मनून टपरीकडं वळला, तर मोबाइल वाजला. वर एकच ओळ. 'मोटार हातावर.'

ती वाचून तो च्या इसरला. कावून, ते सांगतो.

बसवेशला त्या सालात चांगलं काम लागलतं. गावोगावच्या पाण्याच्या मोटारी ऑनलाइन जोडायच्या. इहिरीवर एक पेटी बसवायची. टाकीत पाणी किती, मोटार करंट किती घेती, समदं मोबाइलवर दिसायचं. टाकी खाली गेली की मोटार आपोआप चालू, न्हाईतर मोबाइलवरून चालू करायची. पेटीवर एक खटका. एका बाजूला 'ऑनलाइन', दुसऱ्या बाजूला 'हात'. खटका हातावर असला की मोबाइलवरून कितीबी दाबा, मोटार हलायची न्हाई. इहिरीत उतरणाऱ्याचा जीव त्या खटक्यावर.

ती ओळ आलती पलीकडच्या वाडीच्या इहिरीवरून. तिथली मोटार धुळाजी बगायचा. मेंढरं पोराच्या हवाली करून म्हातारा इहिरीवर आलता. बसवेश त्याला मामा मनायचा. तिथं पेटी बसवली तवा खटक्यापास्नं आत जाणारी वायर कमी पडली; ती न्हाई तर खटका नुसता नावाला. संध्याकाळ झालती. पुढच्या खेपंला जोडू मनून बसवेशनं झाकण लावलं, काम पुरं झाल्याचं कळवलं, आन् मामाला सांगितलं, खटका फिरवा आन् बिनधास्त उतरा.

पुढची खेप ऱ्हायली ती ऱ्हायलीच.

एक दिवस केबल सोलून पाण्यात लोंबाया लागली. धुळाजीनं खटका फिरवला आन् केबल बांधायला खाली उतरला. इकडं दुकानात बसवेशला टाकी खाली दिसली. त्यानं उजव्या अंगठ्यानं बटन दाबलं.

करंटचा आकडा असा उसळला की करंट पाण्यात उतरलाय, हे त्याला कळालं. गाडी काढून पळाला. त्याच्या आधी कुणीबी पोचलं नव्हतं. म्हातारा पाण्यात पालथा. खटका हातावर.

बसवेशनं काय केलं आसंल?

खटका फिरवला. 'ऑनलाइन'वर. आन् मंग लोकांला हाका मारल्या.

पंचनाम्यात आलं, म्हातारा खटका फिरवायचं इसरला. धुळाजीची बायको साखराबाई पारावर, चावडीत, समद्यांला सांगत फिरली, आमचा माणूस खटका फिरवल्याबिगर पायरीवर पाय ठेवीत नव्हता. कुणी ऐकलं न्हाई. बसवेश तिथंच उभा ऱ्हायचा, गप. नवी केबल पडली, मोटार परत सुरू झाली. पर ती वायर जोडायला त्याचा हात त्या पेटीला लागला न्हाई.

आता टेसनावर आलेली ती ओळ बगा. वायरच जोडलेली न्हाई, मंग खटका हातावर हाय हे मोबाइलला कळालं कसं?

आन् दुसरी गोष्ट त्याहून वाईट. कुणीतरी खरंच खटका फिरवून खाली उतरलं आसंल तर? टाकी खाली चाललती. घडीभरात मोटार आपोआप सुटणार. त्यानं मोबाइलवरून बंद करून बगितलं, ऐकंना. वाडीत फोन लावले. येळवशीला समदे रानात, कुणी उचलंना.

गाडी काढली आन् निघाला.

इहिरीवर कुणी नव्हतं. त्यानं पेटीजवळ जाऊन आदी मेन खाली ओढला. लाइट गेली. मंग काठावर पालथा पडून बॅटरी आत मारली. पाणी सपाट. पायऱ्या कोरड्या.

जीव भांड्यात पडला. वळून पेटीवर बॅटरी मारली. खटका हातावर. त्यानं फिरवला, ऑनलाइनवर आणला आन् गाडीकडं निघाला.

मागं...

खट्.

थांबला. वळला. खटका हातावर.

वाऱ्यानं फिरत न्हाई तो. बोटात धरून पिळावा लागतो. त्यानं परत फिरवला. ह्या बारीला हात काढला न्हाई. अंगठ्यानं दाबून धरला.

हाताखाली खटका फिरला... सावकाश... कुणीतरी पलीकडून तितक्याच जोरानं धरल्यावानी. बसवेश माझ्यापशी मनला, आप्पा, ती जबरदस्ती नव्हती. कामाच्या माणसाचा हात कसा लागतो, तसा लागला.

खट्.

बॅटरी गेली.

काळोख. वारं बी बंद.

मंग खालून... पाण्याजवळून... नेहमीच्याच आवाजात...

"बसवेश... मी फिरवलता ना?"

त्याला पळता आलं न्हाई. रडता बी आलं न्हाई.

परत...

"फिरवलता ना, बाळा?"

"हो मामा," बसवेश मनला. "तुमी फिरवलता."

...

मंग काहीच न्हाई. पाणी बी हललं न्हाई.

उजाडेपर्यंत तो तिथंच बसून व्हता. सकाळी साखराबाईच्या दारात गेला आन् शेजारपाजाऱ्यांसमोर समदं सांगितलं. वायर, बटन, खटका. म्हातारी वरडली न्हाई. येवढंच मनली, "मंग तवा कावून गप बसलास?"

तिनं त्याला पाणी दिलं न्हाई. जा बी मनली न्हाई.

तिथून तो सरळ ठाण्यात गेला. काम गेलं, दुकान बंद झालं, केस चालू हाय. पर पंचनामा बदलला. धुळाजी इसरला व्हता, आसं आता वाडीत कुणी मनत न्हाई. मला वाटलं, सुटला पोरगा.

पुढच्या म्हैन्यात तो राशन आणायला गेला. मशीनवर अंगठा ठेवला, मशीन घेईना. पुसून ठेवला, घेईना. आधारच्या सेंटरला धाडलं. तिथल्या पोरीनं धा बोटं तपासली. नऊ बोटांचे ठसे आले. उजव्या अंगठ्याचा न्हाई. अंबाजोगाईच्या डाक्टरनं बगितलं. भाजलेलं न्हाई, कापलेलं न्हाई, रोग न्हाई.

मी सोता त्याचा हात दिव्यापशी धरून बगितलाय, पोरांनो. एक रेघ न्हाई त्याच्यावर. गोट्यासारखा गुळगुळीत... आन् गार.