हसरीची पाठ

पावणेनऊला बुकबाइंडर बाईंनी दुकान उघडलं, सवयीने वर पाहिलं आणि थेट चौकीला फोन लावला.

"फौजदारसाहेब, हसरी गेली!"

जुन्या राजधानीत हसरी कोण, हे सांगावं लागत नसे. टांकसाळीच्या गल्लीत बाईंच्या दुकानाच्या दारावर बसवलेला बाईचा दगडी चेहरा, कलिंगडाएवढा. चारशे वर्षांचा. निदान गाईड तसं सांगत आणि पर्यटक मान वाकडी करकरून फोटो काढत.

फौजदार पोचले तेव्हा भिंतीत नुसता खड्डा होता. खाली बाईंच्याच परसातली शिडी. खड्ड्यातला चुना पांढरा, शेजारच्या सांध्यांतला काळवंडलेला. फौजदारांनी ते वहीत टिपलं आणि वही मिटली. पलीकडच्याच घरात पाथरवट राहत होता. आणखी विचार कशाला?

त्याची हत्यारांची पिशवी त्यांनी भर गल्लीत उपडी केली. छिन्न्या फरशीवर खणखणल्या. पाथरवटाची बायको दारात ओठ दाबून उभी होती.

"दगड कुठे लपवलास?"

"साहेब, उद्या मीच तो धुवायला काढणार होतो. जतन समितीचं पत्र आहे. आपसूक हातात येणारी वस्तू कोण चोरेल?"

"विकायला चोरलीस."

"विकणार कुणाला? जाणकार आधी पाठ बघतो. नवा दगड बसवला की पाठीवर साल आणि आपली खूण कोरायची, हा आमचा नियम. तोंड फसवेल, पाठ नाही."

"तुझं तोंड तर फारच चालतं."

लोक हसले. फौजदारांना बरं वाटलं.

चार वाजता जतन समिती बसणार होती. विषय एकच: पाथरवटाचा परवाना रद्द करणं. परवाना गेला की जुन्या शहरात त्याला खडाही हलवता आला नसता, आणि दुसरं काम त्याला येत नव्हतं.

रीत म्हणून साडेदहाला फौजदार सासऱ्यांनाही भेटले. सासरे म्हणजे शहरातले सर्वांत जुने गाईड. कारंज्यापाशी पर्यटकांच्या गराड्यात ते घसा फोडून बोलत होते. मागचे लोक कानामागे हात धरून ऐकत होते.

"मामा, आवाज का बसलाय?"

"गारठा, जावईबापू. वय झालं आता."

"हसरीचं कळलं?"

"आत्ताच, दहाला. पाथरवटच असणार. बापाला हात होता, लेकाला हातचलाखी."

"सकाळची फेरी झाली?"

"आठचीच ना? झाली की."

तीन वाजता चौकीसमोरून दुसऱ्या गाईडचा जथा गेला. चाळीस माणसं, पण आवाज नाही. प्रत्येकाच्या कानात ऐकायचा संच. गाईड छोट्या माइकवर हळू बोलत होता आणि संच ठेवायची चाकांची पेटी मागे ओढत होता.

फौजदारांचा चहा हातातच राहिला. असेच संच सासऱ्यांकडेही होते.

घड्याळाच्या मनोऱ्याखाली सासऱ्यांची खोली होती. टेबलावर संचांचा ढीग पडला होता. कोपऱ्यातली पेटी बंद होती. त्यांनी ती उचलून पाहिली. एका हाताने उचलेना.

ते तिथेच बसले. बायकोला काय सांगायचं? पेटी नदीत ढकलली तर कुणाला कळणार होतं? मग छिन्न्यांची ती खणखण कानात वाजली. त्यांनी पेटी ओढत समितीच्या दालनात नेली. सासरे, बाई, पाथरवट, सगळे तिथे होते.

"मामा, तुमची आठची फेरी रोज हसरीच्या दारापासून सुरू होते. आज तुम्ही तिथे गेला असतात, तर चोरी आठलाच कळली असती. तुम्ही गेलाच नाहीत, कारण तिथे दगड नाही हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं. आवाज बसला तोही गारठ्याने नाही. पेटीत दगड होता, म्हणून संच टेबलावरच राहिले. ओरडण्यावाचून गत्यंतर नव्हतं."

सासऱ्यांनी मान खाली घातली.

"चुना चारशे वर्षांचा नाही, हे मला सकाळीच दिसलं होतं," फौजदार म्हणाले. "पण मला कारण नको होतं, चोर हवा होता. आणि तो समोरच राहत होता."

त्यांनी पेटी उघडली. हसरी पालथी पडली होती. पाठीवर साल होतं, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं. खाली त्रिकोणात एक टिंब.

"म्हणजे नकली?" समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"खरी मी फोडली," सासरे घोगऱ्या आवाजात म्हणाले. "काठीने ठोकून दाखवायचो, बघा किती मजबूत. एक दिवस दुभंगली. गाईडचा बिल्ला गेला असता. म्हणून गुपचूप नवी करून घेतली. उद्या ती उतरली असती, आणि ज्याच्या हातात उतरली असती..."

पाथरवट पेटीपाशी वाकला होता. त्याचं बोट त्रिकोणावरून फिरत होतं.

"ही बाबांची खूण आहे."

त्याने हसरीला कुशीवर वळवून तिचा चेहरा पाहिला.

"हिच्याकडे बघून मी कोरायला शिकलो. जमायचं नाही. बाबांना म्हणायचो, जुन्या कारागिरांची सर आपल्याला कुठली? ते नुसते गप्प बसायचे."

"गप्प राहायची शपथ मी घातली होती," सासरे म्हणाले.

"ते गेले तेव्हा आला होतात तुम्ही. माझ्या पाठीवर हात ठेवलात. तेव्हाही बोलला नाहीत?"

फौजदारांना सासऱ्यांकडे पाहवेना आणि पाथरवटाकडेही. ते पंचनामा लिहायला बसले. वस्तू, माप, साल. पुढचा रकाना कारागिराचा होता. तिथे पेन थांबलं.

"वडिलांचं पूर्ण नाव सांगता का?" त्यांनी विचारलं.

पाथरवटाने सांगितलं.

"जरा सावकाश सांगा," फौजदार म्हणाले. "नीट लिहायचंय."