क्यू कुणी दिला?

"अहो, भिंतीकडं काय बघताय? माझ्याकडं बघा की. मी काय खात नाही कुणाला."

नऊ वर्षं झाली हा आवाज पहिल्यांदा ऐकून. झीनतआपाचा. समोर मृत्युंजयअण्णा उभे होते. जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढं, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. तिनं एवढंच म्हटलं, त्यांनी मान वर केली...

आणि आमच्या सोलापूरला एक जोडी मिळाली.

आता सांगते ते माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. शेडमध्ये आम्ही चौघं होतो. बाकीच्या तिघांना विचारा. ते बोलणार नाहीत, पण खोटं आहे असंही म्हणणार नाहीत.

आणि हे रात्रीचं नाही. मागच्या एप्रिलमधला मंगळवार, दुपारचे अडीच. अक्कलकोट रोडला चादरींच्या बंद कारखान्याची शेड. पत्रा असा तापलेला की सावलीलाही चटका बसावा.

मी भुवनेश्वरी. आमच्या वेब मालिकेची सहायक दिग्दर्शक. म्हणजे संवादाची वही माझ्याकडं, चहा माझ्याकडं, आणि काही बिघडलं की शिव्याही माझ्याकडंच.

मालिकेत अण्णा आणि आपा नवरा-बायको. लोकांना ते खरंच वाटायचं. एकदा नवी पेठेत अण्णा घरच्यांबरोबर साडी घ्यायला गेले, तर दुकानदारानं त्यांच्या खऱ्या बायकोसमोर विचारलं, "आज वहिनी नाही आल्या?" त्या दिवशी साड्या दोन घ्याव्या लागल्या.

कॅमेरा बंद झाला की मात्र दोघं फारसं बोलत नसत. पण जात्यावर दोघी बसल्या की खुंटा एकीच्या हातातून दुसरीच्या हातात कधी जातो ते दिसत नाही ना... तसं त्यांचं होतं. एकाचा श्वास संपायचा तिथं दुसऱ्याचा शब्द सुरू व्हायचा.

त्यामागं त्यांचा एक नेम होता.

एकाचा चेहरा जवळून टिपताना दुसऱ्यानं कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून आपली वाक्यं म्हणायची असतात. त्याला क्यू देणं म्हणतात. बरेच नट हे काम सहायकावर टाकून पंख्याखाली जाऊन बसतात. या दोघांनी कधीच टाकलं नाही. आपा तर अंगात ताप असताना उभी राहायची. आवाज नको म्हणून बांगड्या कोपरापर्यंत सारून.

नऊ वर्षांत एकदाच नेम मोडला. शेवटच्या वेळी.

जानेवारीत याच शेडमध्ये शेवटचा प्रसंग चालला होता. आपाचा क्लोजअप झाला तेव्हा अण्णा मागच्या खोलीत झोपले होते. क्यू मी दिला. अण्णा उठून आले तोवर आपा निघून गेली होती.

"तिनं मला उठवलं का न्हाई?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, उजेड जात होता. ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

अण्णांनी मनात धरलं. तिला फोन केला नाही. तिचाही आला नाही. पाचव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आपाचं हृदय थांबलं.

अण्णांचा क्लोजअप राहिला होता. तो झाला नाही तर शेवटचा भाग पुरा होणार नव्हता, आणि आपाचं शेवटचं काम तसंच डब्यात पडून राहणार होतं. तीन महिने मागं लागून त्यांना आणलं.

चारच वाक्यं होती. ती विचारणार, "मी जाऊ मग?" त्यांनी म्हणायचं, "थांब की जरा." ती म्हणणार, "कशाला?" आणि ते, "बोलायचं राहिलंय."

बस्स. एवढंच.

एवढंच जमत नव्हतं.

स्टँडवर काळ्या टेपची फुली लावली, तिच्याशेजारी वही घेऊन मी. आपा समजून अण्णांनी फुलीकडं बघायचं. पहिला टेक, पाचवा, दहावा... डोळे शटर ओढलेल्या दुकानासारखे. दोनदा लाइट गेली. दिग्दर्शक सिद्धलिंगप्पा सर, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, स्वतःच कॅमेरा सांभाळत होते. ते आता नुसतेच "परत" म्हणत होते, तेही दात चावून.

आवाज टिपणारा एजाज मला म्हणाला, "भुवनक्का, तू क्यू देतेस का रेशनच्या रांगेत नाव पुकारतेस?"

मला रडू येत होतं. रागानं.

बाराव्या टेकला अण्णांनी पाण्याची बाटली भिरकावली. "तिनं माज्याबिगर केलं की. मी बी करतो तिच्याबिगर. लावा कॅमेरा."

तेराव्याला एजाजनं हेडफोन काढला.

"बांगड्या कुणी घातल्यात?"

माझे हात मोकळे होते.

सतराव्याला तो पुन्हा उठला. म्हणाला, आता बांगड्या नाहीत. मी म्हटलं, मग बरंय की.

"बरं कसलं? काहीच ऐकू येईना."

मी खिडकीतून पाहिलं. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता. दोन ट्रॉल्या, हेलकावे खात...

आवाज नव्हता.

अप्पांना सांगितलं तर ते वैतागून म्हणाले, शांतता मिळाली तर ती पण सोसेना का तुम्हाला? चला.

एकोणिसावा टेक.

मी तोंड उघडलं. "मी जाऊ मग" म्हणायचं होतं.

आवाज फुटलाच नाही. मी वहीकडं बघत उभी...

आणि अण्णांची नजर फुलीवरून उतरली.

चार बोटं खाली.

फुली मी माझ्याच उंचीनं लावली होती. आपा माझ्यापेक्षा चार बोटं ठेंगणी. ही चूक दिवसभर कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

"थांब की जरा," अण्णा म्हणाले.

मी काहीच बोलले नव्हते.

ते थांबले. तिला एक शब्द बोलायला लागेल तेवढेच. तेल घातल्यावर वात वर यावी तसे डोळे उजळले...

"बोलायचं राहिलंय."

प्रसंग संपला. अप्पांनी कट म्हणायला हवं होतं. त्यांचा हात वर गेला तो वरच राहिला.

अण्णा बोलत राहिले. वहीत नसलेलं.

"मी आतच हुतो की. मागच्या खोलीत."

...

"न्हाय गं. तुला सोडून मी कशाला जाईन?"

...

"कुणी सांगितलं तुला तसं?"

मग बराच वेळ अण्णा ऐकत होते. मान किंचित हलत होती.

त्या टेकचं रेकॉर्डिंग एजाजनं नंतर मला एकदाच ऐकवलं. अण्णांची वाक्यं आहेत. मधल्या जागांत काही नाही. श्वास नाही, पत्र्याची तडतड नाही, रिकाम्या खोलीलाही जो आवाज असतो तोसुद्धा नाही. आपाच्या बाजूचं जानेवारीतलं रेकॉर्डिंग त्यानं शेजारी ठेवून पाहिलं. "कशाला?" त्या जागेत नेमकं बसलं. त्याच्या पुढच्या जागांत काय बसतं, ते शोधायचं नाही असं आम्ही ठरवलं.

शेवटचा भाग लागला. लोक खाली लिहितात, जोडी असावी तर अशी. मला ते वाचवत नाही. आजही कुणाला क्यू द्यायचा असला की मी डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडून उभी राहते. का, ते कुणी विचारत नाही.

पण हे सगळं नंतरचं.

तेव्हा कॅमेरा चालू होता. अण्णांची नजर हळूहळू चार बोटं वर आली... बाजूला सरकली... आणि माझ्यावर थांबली.

घसा मोकळा झाला होता.

"मी सांगितलं, अण्णा. ती तीनदा म्हणाली, त्यांना उठव, त्यांच्याबिगर मी करणार नाही. मला उरकायची घाई होती. मी म्हटलं, ते कंटाळून घरी गेले."