गुरं चरत नव्हती

मोटारसायकल तारेच्या कुंपणाला टेकवून ठेवली होती. किल्ली तशीच लावलेली, पाण्याची बाटली भरलेली. माणसाचा मात्र पत्ता नव्हता.

रेंजरबाईंनी ती लांबूनच ओळखली. मोटारसायकल त्यांच्या धाकट्या भावाची होती.

धाकटा या राखीव कुरणात पक्षी आणि गवत मोजायच्या कामावर होता. कुरण हरणांसाठी आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांसाठी राखलेलं. तरी वनखातं दरवर्षी काही गुरांना तिथे चराईचा परवाना द्यायचं. यंदा तो द्यायचा की बंद करायचा, हे धाकट्याच्या अहवालावर ठरणार होतं. अहवाल उद्या बैठकीत मांडायचा होता.

काल दुपारी त्याचा फोन आला होता. "ताई, हरणं लंगडताहेत. फोनवर नको, नीट बघून सांगतो." बाईंनी तेव्हा फारसं मनावर घेतलं नव्हतं. रात्री तो चौकीवर राहणार होता, पण चौकीवर तो पोचलाच नव्हता.

बाईंनी दोन वनरक्षकांना हाताशी घेऊन सकाळभर गवत पालथं घातलं. कमरेएवढ्या गवतात पाऊल टाकताना प्रत्येक वेळी वाटे, आता पायाला काहीतरी मऊ लागेल. हाका मारून घसा बसला. उत्तर आलं ते फक्त वाऱ्यावर कुरकुरणाऱ्या जुन्या पवनचक्कीचं. ही पवनचक्की कधीकाळी जमिनीखालच्या टाकीत पाणी भरायची आणि टाकीतलं पाणी शेजारच्या हौदात यायचं. हौद कधीच कोरडा पडला होता. टाकीच्या लोखंडी झाकणावर खात्याने माती ओढली होती, त्यामुळे ती कुठे आहे हेसुद्धा पटकन कळत नसे. आता तिथे सगळी गुरं एकमेकांना खेटून उभी होती.

मदतीला गुरांचा डॉक्टर आपणहून आला होता. हसतमुख, गोड बोलणारा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा. त्यानेच गुराख्याच्या झोपडीत डोकावून धाकट्याची टोपी शोधून काढली. टोपी पेंढ्याखाली होती.

गुराखी पांढऱ्या मिशांचा, तापट म्हातारा. मागच्या सभेत हाच गरजला होता, "माझा परवाना गेला तर त्या पोराला याच कुरणात गाडीन!" तेव्हा सगळे हसले होते. आज कुणाला हसू येत नव्हतं.

बाईंनी त्याला जीपजवळ उभं केलं.

"टोपी तुमच्या झोपडीत कशी आली?"

"मला काय ठाऊक? मी काल संध्याकाळी गावात होतो."

"माझ्या भावाला शेवटचं कधी पाहिलंत?"

"काल दुपारी. गुरांची तोंडं उघडून बघत होता. मी म्हटलं, माझ्या गुरांना हात लावू नकोस."

"भांडण झालं?"

"झालं की! माझं कुणाशी होत नाही? पण बाई, ते सोडा. माझ्या गुरांचं काहीतरी बिघडलंय. सकाळपासून चरतच नाहीत. माती चाटत उभी आहेत."

"गुरांचं काय घेऊन बसलात! माणूस हरवलाय."

"अहो, मी मिठाचा दगड पार तिकडे टेकाडावर ठेवतो. एका जागी गर्दी झाली की जमीन तुडवून निघते, म्हणून. गुरं टेकाड सोडून इथे का आली?"

बाईंना हा विषय बदलण्याचा कावा वाटला. त्यांनी त्याला जीपमध्ये मागे बसवलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. समोरच्या म्हाताऱ्याने खरंच बोलल्याप्रमाणे केलं असेल तर? तो विचार त्या पुरा करू धजत नव्हत्या.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"अगं, धाकटा फोन उचलत नाही. जेवला का तो?"

"आहे इथेच, आई." बाईंनी आवाज कसाबसा सावरला. "कुरणात आहे. गुरांजवळ."

"गुरांचं नाव काढू नकोस. आज टोचायला माणूस आला होता. आपल्या गायीने त्याला लांबून ओळखलं आणि दावं तोडून पळाली. मागच्या खेपेला टोचलेलं अजून विसरली नाही मेली. बरं, त्याला सांग, फोन कर म्हणावं."

"सांगते."

फोन ठेवल्यावर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं असं नाही, पण असलं खोटं जिभेवर जड होतं.

डॉक्टर जवळ आला. खांद्याला औषधांची पिशवी, अंगात खाकी कोट.

"मॅडम, मला विचाराल तर नदीकडे माणसं पाठवा. म्हातारा टोपी इथे लपवेल, बाकीचं पाण्यात टाकेल. बोलवत नाही, पण वेळ घालवू नका."

बाईंनी दोघा वनरक्षकांना नदीकडे पिटाळलं. डॉक्टरला विचारलं, "भाऊ म्हणत होता हरणं लंगडताहेत. तुम्हाला काही बोलला?"

"नाही बुवा. आणि लंगडणारच, सगळीकडे तारा आहेत."

"गुरांपासून काही लागण?"

"छे! परवान्याची अटच आहे ना, टोचलेलीच गुरं आत सोडायची. गुराख्याच्या ताब्यात द्यायच्या आधी माझ्या आवारात ठेवून घेतली होती सगळी. एकेकीला धरून टोचलंय. लाथा खाल्ल्यात मी, मॅडम!" तो हसला. "तेवढी गुरं मात्र आज हलवू नका. दमलेली दिसतात. राहू दे आहेत तिथेच."

कळपातली एक तांबडी गाय पुढे आली. सरळ डॉक्टरच्या अंगावर गेली आणि त्याच्या कोटाच्या खिशात नाक खुपसू लागली.

"बघा," डॉक्टर तिला हळूच लोटत म्हणाला, "जनावराला माणूस कळतो."

बाईसुद्धा किंचित हसल्या. मग ते हसू ओठांवरच विरलं.

तांबडीच्या मागून आणखी एक गाय आली. मग एक वासरू. वासराने डॉक्टरचा हात चाटला.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. आईची गाय टोचणाऱ्याला लांबून बघून दावं तोडते. आणि या गुरांना म्हणे याने धरधरून टोचलंय, तरी ती याचा हात चाटताहेत? याच्या खिशात काय आहे?

त्यांनी कळपाकडे पाहिलं. गुरं माती चाटत होती. कुणीतरी मीठ ओतलंय तिथे. गुरं एकाच जागी खिळून राहावीत, शेकडो खुरांनी जमीन तुडवून निघावी, कुठला ठसा उरू नये म्हणून. आणि जमिनीखालून कुणी ओरडलंच तर वर ऐकू येऊ नये म्हणून.

टाकी! सकाळपासून त्या तिथून कितीदा गेल्या होत्या. धाकटा त्यांच्या पायांखाली होता, आणि त्याच्या डोक्यावर अख्खा कळप उभा होता.

वनरक्षक पार नदीवर पोचले असणार. इथे उरले होते त्या, हा माणूस आणि जीपमध्ये कोंडलेला म्हातारा. डॉक्टरच्या पिशवीत बैलाला आडवं करणारी औषधं होती.

"काय झालं मॅडम? चेहरा उतरला एकदम."

"ऊन लागलंय. पाणी पिते जरा."

त्या जीपकडे निघाल्या. पळायचं नाही, मागे बघायचं नाही, असं स्वतःला बजावत. मागून डॉक्टरची पावलं ऐकू येत होती. त्या थांबल्या की तीही थांबत. पोचताच त्यांनी दाराच्या कडीला हात घातला.

"त्याला का सोडताय?" आवाजातला गोडवा गेला होता. डॉक्टरचा हात पिशवीत होता.

कडी निघाली. बाई जीव खाऊन ओरडल्या, "काका, गुरं हलवा! टाकीवरून गुरं हलवा!"

म्हातारा काठीसकट बाहेर आला. त्याने एकदा बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा डॉक्टरच्या पिशवीकडे, आणि काय समजायचं ते समजला. काठी आडवी धरून तो दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि तोंडाने लांबलचक हाक घातली. गुरांनी माना वर केल्या. मीठ सोडवेना, पण रोजची हाकही मोडवेना. कळप कुरकुरत फुटला.

डॉक्टर आपल्या गाडीकडे पळत सुटला. पण तांबडीने त्याला पळताना पाहिलं आणि तिला वाटलं मीठ चाललं. ती मागे धावली. तिच्या मागे कळप. गाडीपर्यंत पोचायच्या आत गुरांनी त्याला गराडा घातला. खिशाला, बाह्यांना, हातांना जिभा लागल्या. पिशवी खाली पडून खुरांखाली गेली. "हाकला यांना! हाकला!" तो किंचाळत होता. म्हाताऱ्याने त्या वेळी कुठलीच हाक घातली नाही.

बाई हातांनी माती उपसत होत्या. झाकण लागलं. त्यांनी त्यावर दगड आपटला आणि कान टेकला.

काहीच नाही.

पुन्हा आपटला. आता खालून एक ठोका आला. अगदी बारीक.

बाई हमसून रडू लागल्या. रडतच त्यांनी म्हाताऱ्याच्या काठीने झाकण उचकटलं.

वनरक्षक हाका ऐकून धावत परतले तेव्हा धाकटा हौदाला टेकून बसला होता. ओठ सुकलेले, मानेवर सुईची खूण. हौदाच्या जुन्या नळातून आत हवा येत होती, म्हणून वाचला. डॉक्टर जीपच्या सावलीत बसला होता, त्याचे हात म्हाताऱ्याने दाव्याने बांधले होते.

"पण यांनी?" एक वनरक्षक चकित होऊन म्हणाला. "यांनीच तर टोपी शोधली!"

"ठेवणाऱ्याला सापडायला वेळ लागत नाही," बाई म्हणाल्या. "म्हाताऱ्याची धमकी सगळ्यांनी ऐकली होती. संशय घ्यायला तयार माणूस होता. तुम्हाला नदीवर कुणी पाठवलं? गुरं हलवू नका असं कोण म्हणालं? तरी मी आंधळीच होते. डोळे उघडले ते तांबडीने. टोचलेलं जनावर टोचणाऱ्याला विसरत नाही. ही गुरं याच्या खिशात तोंड घालत होती. म्हणजे याच्या हातून त्यांना सुई कधी लागलीच नव्हती, मिळालं होतं ते मीठ. आवारात असताना, आणि पुन्हा काल. काय डॉक्टर, चुकतेय का मी?"

डॉक्टर मान खाली घालूनच म्हणाला, "फ्रिज बंद पडला होता. सगळी लस नासली. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. वाटलं, एका वर्षाने काय होतंय? मीठ चारून दोन दिवस ठेवून घेतली आणि टोचल्याचे दाखले दिले."

"आणि लागण झाली," धाकटा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "लाळ्या-खुरकूत. गुरांच्या तोंडात फोड यायला लागलेत, आणि तीच लागण हरणांनाही झाली. तुला सगळं सांगायच्या आधी मी यांनाच फोन केला, ताई. म्हटलं, भला माणूस आहे. वाकून खूर दाखवत होतो, तेवढ्यात मानेत सुई."

"मारायचं नव्हतं मला," डॉक्टर पुटपुटला. "बैठक होईपर्यंत फक्त..."

"आणि मग?" बाईंनी विचारलं. "बैठक झाल्यावर झाकण उघडणार होतात?"

डॉक्टर पायाने माती उकरू लागला.

म्हातारा धाकट्यासमोर उकिडवा बसला. "पोरा, अहवालात काय लिहिलं होतंस? खरं सांग."

"चराई चालू ठेवा, असं. गुरं गवत खाली ठेवतात, म्हणून पक्षी अंडी घालतात. गुरं गेली तर पक्षीही जातील." धाकट्याने मान वळवली. "पण आता ते बदलावं लागणार, काका. सगळी गुरं बाहेर काढायची. बरी होईपर्यंत."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. तरी त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लिही," म्हणाला.

बाईंचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं आणि तो धाकट्याच्या कानाला लावला.

"होतास कुठे रे?" आईचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "ताई म्हणाली, गुरांजवळ आहेस."

धाकट्याने बहिणीकडे पाहिलं.

"हो आई," तो म्हणाला, "गुरांजवळच होतो."